सियोरालिक, आठ झोपा

सोमवार, ३ मार्च १९९७

विमान १:१० ला उतरलं, १:४० ला परत सियोरालिककडे उडालं. वारा वायव्येकडून, बारा नॉट. उतारू दोन, टपालाच्या पिशव्या तीन, दुकानाची अंडी दहा खोकी. त्यातली किती फुटली ते दुकानदार सांगेलच, साऱ्या नुवुक गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

हे सगळं कचेरीच्या वहीत लिहून झालंय. इथे पुन्हा लिहितो ते सवयीने. बावीस वर्षं या धावपट्टीचा रेडिओ सांभाळतोय. वारा किती, ढग किती वर, थंडी किती, एवढं वैमानिकाला सांगायचं आणि गप्प बसायचं. बावीस वर्षांत एकदाही चुकीचं हवामान सांगितलेलं नाही. कोणी हे कधी बोलून दाखवत नाही, म्हणून आपलं आपणच लिहून ठेवावं.

काल चर्च सुटल्यावर कूनूचा फोन आला. माझी धाकटी बहीण, लग्न होऊन सियोरालिकला दिलेली. तिचं नेहमीचं सुरू झालं.

"दादा, किती झोपा?"

"आठ."

एकतीस वर्षं आमचा हा एकच विनोद चाललाय. आमची जुनी माणसं अंतर झोपांत मोजतात, वाटेत किती मुक्काम पडतात त्यावर. कुत्र्यांच्या स्लेजने नुवुक ते सियोरालिक आठ झोपा. विमानाने चारशे बारा किलोमीटर, दीड तास. ती विचारते, मी आठ म्हणतो, ती हसते, मग इकडच्या तिकडच्या गप्पा. काल मात्र हसली नाही. लाइनला खरखर होती, ऐकू गेलं नसेल.

मग तबीथाचं सांगत बसली. तबीथा तिची मुलगी, तिचे दिवस भरत आलेत. इतर बायकांसारखं दक्षिणेच्या इस्पितळात जाऊन राहायचं तर पोरगी हटून बसलीय, आईला सोडून जाणार नाही म्हणते.

"तुला काय धाड भरलीय? जाऊ दे की तिला," मी म्हटलं.

"मला काय होणार," ती म्हणाली. आवाज बसला होता. सर्दी असावी.

रोडा चहा ओतता ओतता ऐकत होती. माझी बायको फोनवरचं दोन्ही बाजूंचं ऐकते, कसं ते देवाला ठाऊक. म्हणाली, "उद्याच्या विमानात बसलास तर दीड तासात तिच्या दारात."

"रेडिओ कोण बघणार?"

"एलिसापी. सहा वर्षं तेच तर करतेय ती."

एलिसापी माझी मदतनीस. बरी आहे, पण ढगांची उंची सांगताना घाई करते. आणि मी आजवर विमानात बसलेलो नाही. विमानं उतरवणारा माणूस जमिनीवर असलेला बरा.

गुरुवार, ६ मार्च

वारा पंचावन्न नॉट, झटके सत्तरचे. टेकडीवरची फोनची डिश मोडून पडली. गावातले सगळे फोन बंद. दुरुस्तीवाला विमानानेच येणार, आणि विमान सोमवारचं.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी ९:४० ला सियोरालिकच्या सिमीने रेडिओवर हाक मारली. सिमी म्हणजे तिथला मी. वाऱ्याचे आकडे देणार म्हणून पेन्सिल घेऊन बसलो.

तो म्हणाला, "मुकपा, कूनू गेली. आज पहाटे."

मी लिहिलं: कूनू गेली, पहाटे. वाऱ्याच्या रकान्यात लिहिलं. मग विचारलं, "कुठे गेली?"

सिमी म्हणाला, "पोटात गाठ होती. ऑगस्टपासून. तुला कळवायचं नाही अशी सगळ्यांना तंबी होती तिची. म्हणायची, मी आजारी म्हणून त्याने येऊ नये, त्याला यावंसं वाटलं म्हणून यावं."

"समजलं," मी म्हटलं. "संदेश मिळाला."

हवामान ऐकून घेतल्यावर म्हणतो तसंच म्हटलं. आणि बटण सोडलं. माझ्या तोंडून हे असं कसं निघालं, मला अजून कळत नाही. रडू आलं नाही. खुर्चीत बसून राहिलो तो एलिसापी येईपर्यंत.

दुपारी कचेरीची जुनी वही काढून मोजलं. ऑगस्टच्या मध्यापासून आजवर तीस सोमवार. सहा विमानं वाऱ्याने रद्द. उरलेली चोवीस इथून थेट तिच्या गावाला गेली. चोवीसच्या चोवीस मी स्वतः हवामान सांगून उडवली.

रविवार, ९ मार्च

दोन दिवस घास उतरत नाही. गोठलेला मासा कापून पुढे ठेवला की डोळ्यांसमोर तिचे हात येतात. माशाचा डोळा आधी तीच उचलायची.

आज पुन्हा सिमी. "तबीथाचा निरोप आहे. कूनू तुझ्याकडे येतेय. आठ झोपा."

म्हटलं, परत सांग. त्याने परत तेच सांगितलं, शब्दाला शब्द. पुढचं सगळं खरखरीने खाल्लं. आणखी विचारायला हवं होतं. पण हवेत घरगुती गप्पा मारायच्या नाहीत हा नियम मीच केलाय, आणि खरं सांगायचं तर विचारायला जीभच उचलली नाही.

आठ झोपा. म्हणजे तिचे दोन्ही मुलगे तिला जुन्या वाटेने आणताहेत, स्लेजवरून, कुत्री जुंपून. आमच्या आईच्या शेजारी पुरायला. मेल्यावरसुद्धा तिने मला सोडलं नाही.

रोडाला सांगितलं. तिने विचारलं, "कूनू म्हणजे कुठली कूनू, ते विचारलंस?"

"किती कूनू आहेत आपल्याला?" मी ओरडलो.

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि शिवणाचा डबा काढला. माणूस मेलंय आणि हिला शिवण सुचतंय!

मंगळवार, ११ मार्च

काल विमान रद्द. वारा अजून चाळीस.

आईच्या शेजारी खणायला घेतलंय. उणे अडतीस. जमीन कुदळीला दाद देत नाही, ठिणग्या उडतात. गावातले दोघे यंत्र घेऊन आले होते, त्यांना परत पाठवलं. दिवसभरात घोट्याएवढं झालं.

गुरुवार, १३ मार्च

खड्डा गुडघ्यापर्यंत. माझा जीव मात्र दुसरीकडेच टांगलाय. इथे पन्नास नॉट वारा असेल तर हिमनदीच्या खिंडीत सत्तर असणार, आणि चौथ्या झोपेनंतर खिंड येते. म्हणजे आज पोरं तिच्या तोंडाशी असतील. आईच्या प्रेतापायी दोन जिवंत मुलगे जायचे. राहवलं नाही. नियम मोडून सिमीला हाक मारली.

"त्यांना खिंडीतून येऊ देऊ नका. किनाऱ्याने या म्हणावं. दोन झोपा जास्त लागतील, लागू देत."

"कोणाला?" सिमी म्हणाला. "कसली खिंड? मुकपा, तू बरा आहेस ना? जेवतोयस ना?"

मग खरखर. दुपारभर हाका मारल्या, काही लागलं नाही.

ही खिंड मला चांगली माहीत आहे. आता लिहूनच टाकतो, या वहीला कोण विचारतंय.

१९६६ च्या मार्चमध्ये मीच कूनूला सियोरालिकला पोचवलं. ती सतरा वर्षांची, मी चोवीस. खिंडीत माझा पुढचा कुत्रा भेगेत पडला, त्याची दोरी कापावी लागली. बराच वेळ खालून त्याचा आवाज येत होता. सियोरालिकला सोडून निघालो तेव्हा कूनू माझ्या बाहीला धरून होती. "इथे करमलं नाही तर?" मी म्हटलं, "मे महिन्यात येतो. नाही करमलं तर परत घेऊन जातो." तिने विचारलं, "किती झोपा?" मी म्हटलं, "आठ."

मे महिन्यात मी निघालो. निघालो नाही असं नाही. चार झोपा गेलो, खिंडीपाशी पोचलो, आणि पाय उचलेना. हवा स्वच्छ होती, बर्फ दगडासारखा घट्ट होता. अर्धा दिवस नुसता उभा राहिलो. मग स्लेज वळवली. घरी येऊन सांगितलं, खिंडीपलीकडे समुद्राचा बर्फ फुटलाय, वाट बंद आहे. कोणी शंका घेतली नाही. पुढच्या वर्षी तबीथाच्या थोरल्या भावाचा जन्म झाला, मग परत आणायचा प्रश्नच उरला नाही.

तेव्हा बावीस वर्षांत एकदाही चुकीचं हवामान सांगितलं नाही, हे खरं आहे. त्याआधी एकदा सांगितलं.

शनिवार, १५ मार्च

खड्डा कमरेपर्यंत. रोडा सीलच्या कातड्याचे बूट शिवतेय, माझ्या अंगठ्याएवढे.

"एवढे लहान कोणाला होणार?"

"होतील कोणाला तरी."

चर्चच्या विक्रीसाठी असतील.

सोमवार, १७ मार्च

आजचं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

आठवी झोप सरली. पहाटे किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. बर्फावर काही नाही. ना कुत्री, ना स्लेज. वारा पडला होता, दहा मैलांवरचा हिमनग स्पष्ट दिसत होता. एवढ्या उजेडात स्लेज लपत नाही.

१२:२० ला वैमानिक कॉर्मॅकची हाक आली. मी हवामान दिलं. मग म्हटलं, "कॉर्मॅक, खाली स्लेज दिसतेय का बघ. खिंडीच्या अलीकडे. दोन माणसं आणि एक पेटी."

"मुकपा, बावीस वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागतोयस," तो म्हणाला. "इंधन मोजून आहे, पण दहा मिनिटं देतो."

ती दहा मिनिटं मी कशी काढली ते मला माहीत. घड्याळाकडे बघवेना. एलिसापीने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तो झटकला नाही. शेवटी कॉर्मॅकचा आवाज आला.

"खिंड दोनदा पाहिली. किनाराही पाहिला. काही नाही, मुकपा. खुणासुद्धा नाहीत."

खुणासुद्धा नाहीत म्हणजे भेगेत गेले. तिघेही. माझ्या कानात नुसता वारा घुमायला लागला. तरी तोंड आपलं काम करत होतं. नियमाप्रमाणे मी विचारलं, "उतारू किती?"

"मोठे दोन. मांडीवरचं एक."

लिहून घेतलं. विमान १:३२ ला टेकलं. मी गावातल्या पुरुषांना गोळा करायला, स्नोमोबाईल काढायला धावत सुटलो. विमानातून आधी फोनचा दुरुस्तीवाला उतरला, आणि त्याच्यामागून मोठ्या टोपाचा अमाउटी कोट घातलेली एक बाई थेट माझ्या वाटेत आली. तबीथा. दहा वर्षांची होती तेव्हा एकदा इथे आली होती, पण कपाळ हुबेहूब आईचं, ओळखायला वेळ लागला नाही.

मी तिचे दोन्ही खांदे धरले. "तुझे भाऊ कुठे आहेत?"

"घरी. का रे मामा?"

"घरी? मग कूनूला कोण आणतंय?"

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग हळूच पाठ फिरवली. अमाउटीच्या टोपात, मानेमागच्या झोळीत, एक लालबुंद तोंड होतं. डोळे उघडे. माझ्याकडेच बघत होतं.

"मी आणलीय," तबीथा म्हणाली. "आई, बघ गं, मामा आलाय."

धावपट्टीवर सगळ्यांसमोर मी मटकन खाली बसलो. मांडीवरचं एक! मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं. तिला बर्फावर शोधायला मी विमान फिरवलं आणि ती त्याच विमानात झोपली होती.

रोडा तोवर येऊन पोचली होती, हातात ते बूट घेऊन.

"तुला माहीत होतं?" मी ओरडलो.

"माहीत नव्हतं. वाटत होतं," ती म्हणाली. "मेलेल्याचं नाव जन्मणाऱ्याला देतात, नावाबरोबर माणूसही परत येतं, हे तुला मी शिकवू? म्हणून तर विचारलं होतं, कुठली कूनू."

तबीथाने सगळं सांगितलं. आई पहाटे गेली, ही त्याच सकाळी झाली, तीन आठवडे आधी. नाव आईनेच सांगून ठेवलं होतं. आईला सोमवारी तिथेच वडिलांशेजारी ठेवलं. नर्स म्हणाली, पोर दहा दिवसांची झाल्याशिवाय विमान नाही, म्हणून आठ दिवस थांबावं लागलं.

"आठ झोपा म्हणजे आठ दिवस, मामा! झोपांत अंतर आता कोण मोजतं?"

मंगळवार, १८ मार्च

खड्डा बुजवला. जिच्यासाठी खणला ती अमाउटीतून बघत होती. कुदळ घरी नेईपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी तबीथाने तिला माझ्या हातात दिलं. मी हाक मारली, "नाया." नाया म्हणजे धाकटी बहीण. कूनूला मी हयातभर तीच हाक मारली. तोंडातून ती आपोआपच निघाली. तिने माझं बोट धरलं आणि सोडेचना. रोडा उठून बाहेर गेली.

शुक्रवार, २१ मार्च

आज तबीथाला ते सांगून टाकलं. मे महिना, खिंड, बर्फ फुटल्याची थाप. सांगताना मान वर करवत नव्हती. ती बॅनकची जाड रोटी खात होती, खात राहिली.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. त्या मे महिन्यात आमचे शिकारी खिंडीपर्यंत आले होते. पलीकडे तुझ्या स्लेजच्या खुणा दिसल्या त्यांना. आलेल्या, आणि वळून गेलेल्या. बर्फ घट्ट होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एकतीस वर्षं! दर महिन्याला फोन, आणि एका शब्दाने बोलली नाही.

"रागावली असेल," मी म्हटलं.

"छे. सगळ्यांना कौतुकाने सांगायची, माझा दादा माझ्यासाठी चार झोपा आला होता म्हणून. फक्त तुला फोन केला की विचारायची, किती झोपा. म्हणायची, एक दिवस तो चार म्हणेल. मग मी उरलेल्या चार जाईन आणि आम्ही खिंडीत भेटू."

मी उठून बाहेर गेलो. पायऱ्यांवर बसलो तो कान बधिर होईपर्यंत. एवढ्या वेळा तिने विचारलं. मी दर वेळी आठ म्हटलं, आणि वर हसलो. त्याला मी विनोद समजत होतो.

रविवार, २३ मार्च

तबीथा उद्या परत जातेय. जेवताना पोरीला मांडीवर नाचवत म्हणाली, "मामा, आई विचारतेय, किती झोपा?" थट्टेनेच म्हणाली.

रोडाने माझी जाड बनियन पिशवीत भरली. मी येतो असं अजून म्हटलंही नव्हतं.

सोमवार, २४ मार्च. विमानात.

रेडिओवर एलिसापी होती. ढगांची उंची बरोबर सांगितली. उड्डाण १:४४.

चाकं सुटली तेव्हा मी डोळे मिटले, ते कबूल करतो. खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. तबीथा म्हणाली, "मामा, हिला धर जरा." मुद्दाम म्हणाली. पोरीला धरायचं तर खुर्चीचा दांडा सोडावा लागला. नाया तोवर गाढ झोपली होती.

२:२९ ला कॉर्मॅकने मागे वळून खाली बोट दाखवलं. खिंड. वरून ती माझ्या तळहाताएवढी दिसत होती. मी अर्धा दिवस उभा होतो ती जागा कुठली, ते कळलं नाही. धक्का बसला तो याचाच. एवढ्याशासाठी! मी नायाच्या कानाशी वाकून सांगितलं, "बर्फ फुटला नव्हता. मी घाबरलो होतो." ती उठली नाही. खिंड मागे गेली आणि त्या बाजूचा समुद्र दिसायला लागला, एकतीस वर्षांपूर्वी ज्याचा बर्फ फुटल्याची थाप मी मारली होती तो.

३:१२ ला चाकं टेकली. धक्क्याने ती जागी झाली, माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. सिमी धावपट्टीवर उभा होता. कूनूला ठेवलंय ती जागा इथून दिसते म्हणाला, चालत जाण्यासारखी.

कचेरीच्या वहीत एलिसापी तिकडे लिहीलच, चारशे बारा किलोमीटर, एक तास अठ्ठावीस मिनिटं. मी इथे लिहितो.

नुवुक ते सियोरालिक: एक झोप. नायाची.